इराणची शहाबानू : उपकार आणि हक्क

(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढें एका राणीची हकीकत सांगण्यास उभे आहों. राणीचें नांव ऐकून पुष्कळांच्या मनांत येईल कीं, आमच्या घरीं ज्वारीची भाकरी, आमच्या हातीं नांगर, वाकस नाहीं तर माग. आम्हांला इराणच्या राणीशीं काय करावयाचें आहे? प्रश्न रास्त आहे. राजेरजवाड्यांच्या दागिन्यांचीं वर्णनें ऐकविण्यासाठीं आम्ही तुमचा कामाचा वेळ मोडला असता, तर तो अपराधच झाला असता. परंतु ही बाई राजाच्या पोटीं जन्मलेली नव्हती. ती एका लष्करी अंमलदाराची, बापाविना वाढलेली मुलगी. ती राणी झाली, सुमारें वीस वर्षें लोकांच्या उपयोगीं पडण्याचा तिनें यत्न केला, आणि अखेर त्याच लोकांच्या उठावानें तिला देश सोडावा लागला. हें असें कां झालें, याचा विचार ज्याला अर्ज हातीं घेऊन कोणाच्या तरी दारांत उभें राहावें लागतें, त्या प्रत्येकानें केला पाहिजे.

इराण देश दूरचा खरा, पण अगदींच परका नाहीं. जमीन, बाजार, कागद, दरवाजा हे शब्द आपण रोज बोलतों ते फारशी भाषेंतूनच आपल्या तोंडीं आले आहेत. ‘शहाबानू’ हाही त्याच भाषेंतला शब्द. शहा म्हणजे राजा, आणि बानू म्हणजे मानाची बाई. हा किताब १९६१ सालीं जिला मिळाला ती फराह पहलवी, माहेरची फराह दीबा.

फराहचा जन्म १४ ऑक्टोबर १९३८ रोजीं तेहरान शहरीं झाला. बाप सोहराब दीबा हा फ्रान्सच्या सेंट सीर येथील लष्करी शाळेंत शिकलेला अंमलदार. आई फरीदा ही कास्पियन समुद्राकडील लाहीजान गांवची. तो मुलूख भाताच्या खाचरांचा आणि चहाच्या मळ्यांचा. फराह एकुलती एक. ती नऊ वर्षांची असतां बाप वारला. मुलीच्या मनाला धक्का बसूं नये म्हणून घरच्या वडील मंडळींनीं तिला खरें सांगितलें नाहीं. बाप उपचारासाठीं परदेशीं गेला आहे, असें म्हणून तिची समजूत घातली. पोर वाट पाहत राहिली आणि पुढें आपल्या मनाशींच उमगली. ही गोष्ट ध्यानांत ठेवा. मायेपोटीं म्हणा कीं भयापोटीं म्हणा, सत्य झांकून ठेवण्याची रीत तिच्या आयुष्यांत पुन्हां येणार आहे.

बाप गेल्यावर मायलेकी मामाच्या आश्रयास गेल्या. पण आईनें मुलीची शाळा बंद केली नाहीं, हें आम्ही या सभेंतील आयांना मुद्दाम सांगतों. फराह तेहरानांतील चांगल्या शाळांतून शिकली, बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींची ती नायिका होती, आणि मग इमारती बांधण्याची विद्या शिकण्यासाठीं ती पॅरिसला गेली. मामा त्याच विद्येंतला जाणता. ही मुलगी लग्न करून राणी होण्याच्या विचारानें परदेशीं गेली नव्हती. नकाशे काढावे, घरें बांधावीं, हा तिचा मनसुबा होता.

आतां राजवाड्याकडे वळूं. त्या वेळचा राजा महंमद रझा शहा याचीं दोन लग्नें मोडलीं होतीं. पहिली राणी मिसरच्या राजाची बहीण फौझिया. तिला एक मुलगी झाली. दुसरी सुरैया, तिला मूल होईना, म्हणून १९५८ सालीं तिच्याशीं काडीमोड झाली. गादीला मुलगा पाहिजे, या एका कारणानें सुखाचा संसार मोडला. आपल्याकडे वांझ म्हणून टाकलेल्या बायका काय कमी आहेत? झोपडी असो कीं राजवाडा असो, बाईची किंमत तिच्या कुशीवरून करण्याची खोड दोन्हीकडे सारखीच.

१९५९ सालीं शहा पॅरिसला गेला असतां तेथील इराणी वकिलातींत विद्यार्थ्यांची त्याच्याशीं भेट करविण्यांत आली. त्यांत फराह होती. त्याच वर्षीं डिसेंबरांत दोघांचें लग्न झालें. ती एकवीस वर्षांची, तो चाळीस वर्षांचा. ३१ ऑक्टोबर १९६० रोजीं युवराज रझा जन्मला. हें बाळंतपण राजवाड्यांत न होतां दक्षिण तेहरानांतील गरिबांच्या वस्तींतल्या दवाखान्यांत झालें, आणि त्याचें लोकांना फार कौतुक वाटलें. पुढें फरहनाझ, अली रझा व लैला अशीं आणखी तीन मुलें झालीं. मुलगा दिला म्हणजे राणीचें काम संपलें, असें दरबारास वाटलें असेल. फराहला तसें वाटलें नाहीं.

२६ ऑक्टोबर १९६७ रोजीं शहानें स्वतःचा राज्याभिषेक करविला आणि आपल्या हातानें तिच्याही मस्तकीं मुकुट ठेवला. इराण मुसलमान झाल्यापासून तेथें राणीला मुकुट घालण्याची ही पहिलीच वेळ. तो मुकुट घडविण्यास पॅरिसचे जवाहिरे तेहरानला यावे लागले, कारण राज्याचीं रत्नें देशाबाहेर नेण्यास कायद्यानें मनाई होती. त्यांत दीड हजाराच्या आसपास हिरे आणि शंभरावर मोती बसविले. ज्या खजिन्यांतून हीं रत्नें काढलीं, त्याच खजिन्यांत नादिरशहानें १७३९ सालीं दिल्ली लुटून नेलेला, गोवळकोंड्याच्या खाणींतला दर्यानूर हिरा आहे. त्याच वर्षीं कायदा बदलून असें ठरलें कीं, युवराज वीस वर्षांचा होण्यापूर्वीं राजा वारला तर राज्याचा कारभार शहाबानूनें पाहावा. मुकुटापेक्षां हें आम्हांला अधिक महत्त्वाचें वाटतें. बाई राज्य चालवूं शकते, हें निदान कागदावर तरी कबूल झालें.

आतां शेतकऱ्यांची गोष्ट. इराणांत पिकाच्या वांट्याचा जुना रिवाज ऐकण्यासारखा आहे. जमीन, पाणी, बीं, बैल आणि श्रम असे पांच वांटे धरीत. ज्यानें जें पुरविलें त्याला त्याचा वांटा. ज्या कुळाजवळ श्रमाशिवाय दुसरें कांहीं नाहीं, त्याच्या पदरीं काय पडत असेल हें तुम्हांला आम्ही सांगावयास नको. एकेका जमीनदाराजवळ दहादहा, वीसवीस गांवें असत. १९६२ सालीं कायदा झाला कीं जमीनदारानें एक गांव ठेवावें. बाकीचीं सरकार विकत घेईल आणि कसणाऱ्या कुळांना पंधरा वर्षांच्या हप्त्यांनीं देईल. १९६३ च्या जानेवारींत शहानें या सुधारणांवर लोकांचें मत घेतलें. खेड्यांत शिकवावयास शिपाईगिरीच्या वयाचे तरुण पाठविले. त्याच वर्षीं बायकांना मताचा हक्क मिळाला आणि सहा बायका कायदेमंडळांत निवडून आल्या. १९६७ च्या कायद्यानें, नवऱ्यानें तोंडानें काडीमोड म्हटली कीं बायको घराबाहेर, हा प्रकार बंद होऊन त्यासाठीं न्यायकचेरी गांठावी लागूं लागली. १९७५ सालीं मुलीच्या लग्नाचें वय अठरा झालें.

हीं कामें थोर होतीं, आणि त्यांना विरोधही मोठा झाला. आयातुल्ला खोमेनी व त्यांच्या बाजूचे धर्मगुरु स्त्रियांच्या मताविरुद्ध उठले. १९६३ च्या जूनमध्यें दंगे झाले, रक्त सांडलें, आणि १९६४ सालीं खोमेनींना हद्दपार केलें. परंतु एक बाजू सांगून दुसरी झांकणें हें आमचें काम नव्हे. ज्यांना वहिवाटीचा हक्क होता त्या कुळांनाच जमीन मिळाली. ज्यांना तोही नव्हता ते शेतमजूर कोरडेच राहिले. ज्यांना मिळाली त्यांतील पुष्कळांचे तुकडे इतके लहान कीं पोट भरेना. असे लोक लाखांनीं शहराकडे गेले आणि तेहरानच्या कडेच्या झोपड्यांत राहूं लागले. पंधरा वर्षांनीं शहाविरुद्ध जे लोंढे रस्त्यावर आले, त्यांत यांचीं मुलें होतीं.

या सर्वांत शहाबानूनें काय केलें? कुष्ठरोग्यांकडे कोणी पाहत नव्हतें, त्यांच्या वस्तींत ती स्वतः गेली, त्यांच्याजवळ बसली, त्यांचे हात हातीं घेतले. बरे झालेले रोगीही घरचे लोक परत घेईनात, म्हणून त्यांच्यासाठीं ईशान्य इराणांत बेहकदे नांवाचें गांव वसविलें. त्याला जमीन शहानें दिली. तेथें हे लोक शेती करूं लागले, भाकरी मागून न खातां पिकवून खाऊं लागले. रोग्याला औषधाइतकीच अब्रू लागते, हें त्या बाईला कळलें होतें.

१९६५ सालीं तिच्या आश्रयाखालीं मुलांसाठीं एक संस्था निघाली. तिला लोक ‘कानून’ म्हणतात. कानून म्हणजे येथें कायदा नव्हे, केंद्र. तिनें मुलांसाठीं ग्रंथालयें काढलीं, खेड्यांत पुस्तकांच्या गाड्या पाठविल्या, मुलांसाठीं सुरेख पुस्तकें छापलीं. समद बेहरंगी या खेड्यांतल्या मास्तरानें लिहिलेली एका काळ्या लहानशा माशाची गोष्ट याच संस्थेनें १९६८ सालीं काढली. आपला ओहोळ सोडून समुद्र पाहण्यास निघालेल्या माशाची ती गोष्ट. पण इराणी तरुणांनीं तिचा अर्थ असा घेतला कीं, भिऊन डबक्यांत राहूं नये. राणीच्या संस्थेनें छापलेलें पुस्तक राजाविरुद्धच्या तरुणांनीं उशाशीं घेतलें! विद्येचा स्वभावच असा आहे. ती देणाऱ्याची बटीक होऊन राहत नाहीं.

कारागीर बंधूंनीं पुढील गोष्ट ऐकावी. इराणी गालिचा जगाच्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत पसरलेला असतो, पण विणणाऱ्या बाईचें नांव त्यावर नसतें. शहाबानूच्या पुढाकारानें तेहरानांत गालिच्यांचें संग्रहालय झालें. त्याची इमारत बाहेरून मागासारखी दिसते. कांच, मातीचीं भांडीं, जुनीं चित्रें यांचींही संग्रहालयें झालीं. १९७७ सालीं नव्या चित्रकलेचें मोठें संग्रहालय उघडलें. युरोप-अमेरिकेच्या नामांकित चित्रकारांचीं चित्रें तेथें विकत आणून लावलीं. ज्या वस्तु परक्यांनीं मोलानें नेल्या त्या परत आणाव्या, आपल्या कारागिरांची कदर आपण करावी, हा तिचा हेतु स्तुत्य होता. तरी आम्ही विचारतों : गालिचा भिंतीवर मानानें टांगला, पण डोळे फोडून तो विणणाऱ्या पोरीची मजुरी किती वाढली? संग्रहालयाच्या दारांतून या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं.

आतां आमच्या आजच्या बोलण्याचा मुख्य मुद्दा. शहाबानू वाटा नसलेल्या खेड्यापाड्यांपर्यंत जात असे. बायका तिच्या गळ्यांत पडत, आपलीं गाऱ्हाणीं सांगत. तिच्या कचेरींत अर्जांचे ढीग येत : कोणाला औषध पाहिजे, कोणाचा मुलगा तुरुंगांत, कोणाच्या गांवाला शाळा नाहीं. तिची कचेरी होईल तितकें करी. पण मंडळी, गांवच्या शाळेसाठीं राणीला अर्ज करावा लागतो याचा अर्थ काय? याचा अर्थ असा कीं गांवची पंचायत पोकळ, लोकांनीं निवडलेला प्रतिनिधि मुका, वर्तमानपत्राच्या तोंडाला कुलूप, आणि अंमलदार वरच्याचें तोंड पाहणारा. ज्या अर्जावर राणीची नजर पडली त्याचें भलें झालें. ज्यावर पडली नाहीं तो तसाच राहिला. उपकार हा वळिवाच्या पावसासारखा आहे; ज्याच्या शेतावर पडला त्याच्या शेतावर पडला. हक्क हा विहिरीसारखा असतो. दोर आणि पोहरा आपल्या हातीं.

शहानें लोकांना जमिनीचा तुकडा दिला, बायकांना मत दिलें. पण मत देऊन निवडावें कोणाला, हें मात्र त्यानेंच ठरविलें. १९५७ सालीं निघालेलें सावाक नांवाचें गुप्त पोलिसांचें खातें लोकांना पकडी, छळी. १९७५ सालीं त्यानें सारे पक्ष मोडून एकच पक्ष ठेवला आणि ज्याला तो पटत नसेल त्यानें देश सोडावा असें सांगितलें. १९७१ च्या ऑक्टोबरांत राजेशाहीला अडीच हजार वर्षें झालीं म्हणून पर्सेपोलिसच्या जुन्या अवशेषांजवळ मोठा समारंभ केला. देशोदेशींचे राजे व अध्यक्ष आले. तंबू पॅरिसचे, जेवण पॅरिसच्या भटारखान्याचें. तयारींत शहाबानूचाही हात होता. आपल्या राज्याचा उत्सव, आणि आपल्याच लोकांनीं तो दुरून पाहावयाचा! शिराझच्या कलामहोत्सवांतही तसेंच झालें. हेतु चांगला, पण १९७७ सालीं तेथें भर रस्त्यावर एका परदेशी मंडळीनें केलेल्या नाटकानें लोकांचीं मनें दुखावलीं, आणि विरोधकांच्या हातीं आयतें कोलीत मिळालें. १९७३ नंतर तेलाच्या पैशाचा पूर आला. त्याबरोबर महागाई व लांचलुचपतही आली.

याच वेळीं सत्य झांकण्याची ती जुनी रीत पुन्हां आली. १९७४ सालीं शहाला रक्ताचा कर्करोग असल्याचें फ्रेंच वैद्यांना कळलें. पण राजापुढें त्या रोगाचें नांव उच्चारावयाचें नाहीं, अशी व्यवस्था दरबारच्या वैद्यानें ठेवली. १९७७ सालीं वैद्यांनीं चोरून शहाबानूस भेटून ही बातमी सांगितली. जिच्या बापाचें मरण तिच्यापासून लपविलें होतें, तिलाच आतां नवऱ्याचें दुखणें जगापासून लपवावें लागलें. ज्या दरबारांत राजाला त्याच्या अंगांतला रोग कोणी सांगत नाहीं, त्या दरबारांत देशाच्या अंगांतला रोग कोण सांगणार? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

१९७८ सालीं देश पेटला. ८ सप्टेंबर रोजीं तेहरानांत जमावावर गोळीबार होऊन माणसें मेलीं. नोव्हेंबरांत शहाबानू इराकांतील नजफ येथें जाऊन आयातुल्ला खोई या वडील धर्मगुरूंना भेटली. पण वेळ टळून गेली होती. १६ जानेवारी १९७९ रोजीं राजाराणी विमानांत बसून गेलीं. मुकुट मागें राहिला. तो तेहरानच्या बँकेच्या तिजोरींत आहे. मे महिन्यांत नव्या राजवटीच्या न्यायाधीशानें शहाबरोबर तिलाही देहांताची शिक्षा झाल्याचें जाहीर केलें. मिसर, मोरोक्को, बहामा, मेक्सिको, अमेरिका, पनामा आणि पुन्हां मिसर असें तें कुटुंब आजारी माणूस घेऊन दारोदार फिरलें. जे कालपर्यंत मेजवान्यांना येत होते, त्यांचे दरवाजे बंद झाले. २७ जुलै १९८० रोजीं शहा कैरो येथें वारला. पुढें तिची धाकटी मुलगी लैला २००१ सालीं लंडनांत गेली आणि मुलगा अली रझा यानें २०११ सालीं अमेरिकेंत आत्महत्या केली. बाई राणी असो कीं मोलकरीण असो, लेकरांचें मरण पाहणाऱ्या आईपुढें आम्ही मान लववितों. तेथें राजकारण थांबतें.

आतां जमाखर्च मांडूं. नवी राजवट येतांच १९६७ चा कुटुंबकायदा रद्द झाला. मुलीच्या लग्नाचें वय नऊपर्यंत खालीं आलें. २००२ सालीं तें तेरा झालें. बायकांवर डोकें झांकण्याची सक्ती आली. देशाची पहिली स्त्रीमंत्री फर्रुखरू पारसा, जन्मभर मुलींच्या शिक्षणासाठीं झटलेली बाई, हिला १९८० सालीं ठार केलें. वरून एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घेतलें, तें असें.

पण सारेंच काढून घेतां आलें नाहीं. ज्या मताला खोमेनींनीं १९६३ सालीं विरोध केला, तें मत १९७९ नंतर बायकांपासून काढून घेण्याची त्यांचीही छाती झाली नाहीं. कारण त्यांच्यासाठीं रस्त्यावर आलेल्यांत बायका हजारोंनीं होत्या. १९७६ च्या खानेसुमारींत शंभर बायकांत सुमारें ३६ लिहितां-वाचतां येणाऱ्या होत्या. पुढें २००० सालाच्या सुमारास विद्यापीठांत नव्यानें जाणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुली झाल्या. कानून संस्था क्रांतीनंतरही चालूच राहिली. संग्रहालयांतलीं परदेशी चित्रें तळघरांत गेलीं खरीं, पण मोडलीं नाहींत. आणि २०२२ च्या सप्टेंबरांत महसा अमीनी ही तरुणी पोलिसांच्या ताब्यांत मेली, तेव्हां त्या देशाच्या मुली स्वतःच्या पायांनीं रस्त्यावर आल्या. त्यांना कोणा राणीनें पाठविलें नव्हतें. त्यांनीं कोणाकडे अर्ज केला नव्हता.

यावरून आम्ही काय समजावें? फराह पहलवी ही वाईट बाई होती, असें आम्ही म्हणत नाहीं. ती आपल्या शक्तीप्रमाणें भलें करणारी बाई होती. पण चांगली राणी हा वाईट राज्यपद्धतीवरचा उपाय नव्हे. तिनें जें स्वतःच्या नांवानें दिलें तें तिच्याबरोबर गेलें. जें लोकांच्या डोक्यांत गेलें, म्हणजे अक्षर, पुस्तक, आपणही माणूस आहों ही जाणीव, तें राहिलें. मुकुट तिजोरींत पडला आहे. वाचावयास शिकलेली मुलगी रस्त्यानें चालते आहे.

म्हणून बंधुभगिनींनो, कोणी थोर माणूस तुमच्या गांवीं येऊन शाळा बांधून देईल तर ती जरूर घ्या, त्याचे आभार माना. पण त्या शाळेचा हिशेब कोण पाहणार, मास्तर आला नाहीं तर जाब कोण विचारणार, हें त्याच दिवशीं गांवानें बसून ठरवा. आणि त्या शाळेंत पहिली आपली मुलगी पाठवा. एवढें सांगून आम्ही तुमची रजा घेतों.